एकोणीस रात्रींची राखण

२ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान उरकलं आणि दुसऱ्या दिवशी होणारी मोजणी एकदम २१ डिसेंबरवर गेली. सगळीकडचे निकाल एकाच दिवशी लागावेत, असा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला होता. म्हणजे यंत्रं एकोणीस रात्री कुलपात. आमच्या तालुक्याच्या गावात गोदामाबाहेर पोलिस बसले आणि पोलिसांवर नजर ठेवायला उमेदवारांची पोरं बसली. ताडपत्री बांधली, तुरीच्या काड्यांची शेकोटी केली, पाळ्या लावल्या. त्यात एक माझा जुना विद्यार्थी. सकाळी फिरायला निघालो की भेटायचा. एकदा विचारलं, "काय राखायलाव रे?" म्हणाला, "मशीन, सर." "अन् मशीनच्या आतलं?" तो हसला. "ते कुठं दिसतंय?"

खळ्यावर राखण करणाऱ्याला निदान रास दिसते. सकाळी उठून तो पायलीने मोजू शकतो. या पोरांनी जे राखलं, त्यात मोजण्यासारखं काही नव्हतंच. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत यंत्राला व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, जोडत नाहीत. लोकसभा-विधानसभेला काचेआड सात सेकंद दिसून पेटीत पडणारी ती चिठ्ठी इथे नसते. २१ तारखेला आकड्यावर कुणी हरकत घेतली असती तर काय केलं असतं? निकालाचं बटण पुन्हा दाबलं असतं. तोच आकडा पुन्हा आला असता.

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्याकडे हा वाद दोन वाक्यांत चालतो. एक, ‘ईव्हीएम हटवा, बॅलेट आणा.’ दुसरं, ‘हरलात की मशीन वाईट, जिंकलात की चांगली.’ पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत हीच दोन वाक्यं एकमेकांवर आपटतात आणि दोघंही जिंकल्यासारखे उठून जातात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मत बटणाने द्यावं की शिक्क्याने, हा दुय्यम प्रश्न आहे. निकालानंतर हरलेल्या माणसाला, कुणाच्या मेहेरबानीवर न राहता, आपला पराभव पुन्हा मोजून बघता येतो का, हा पहिला. येत असेल तर यंत्र चालेल. येत नसेल तर कागदही कामाचा नाही. म्हणून यंत्र ठेवा म्हणणाऱ्यांत मी आहे. पण चिठ्ठीशिवाय एकही निवडणूक नको, आणि चिठ्ठी नुसती शोभेला नको, हेही तितक्याच जोराने म्हणणाऱ्यांत आहे. मोबाईलवरच्या मतदानाला मात्र माझा साफ विरोध आहे, आणि तो मराठवाड्यात राहतो म्हणून जास्त आहे.

निकालावरून यंत्राची परीक्षा करण्याची खोड आधी सोडायला हवी. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने घेतल्या. बीडचा निकाल तर मध्यरात्र उलटेपर्यंत लोंबकळला आणि ६,५५३ मतांनी लागला. सहा महिन्यांत विधानसभा झाली, आणि ४६ पैकी ४० जागा महायुतीला गेल्या. एक बाजू म्हणते, यंत्र खोटं असतं तर जूनमध्ये सात जागा कशा गेल्या? दुसरी विचारते, सहा महिन्यांत माणसं एवढी बदलतात का? या सगळ्यावर कडी केली नांदेडने. तिथे २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक होती. तेच मतदार, तीच खोली, शेजारी शेजारी ठेवलेली दोन यंत्रं. सहाही विधानसभा मतदारसंघ महायुतीने जिंकले आणि लोकसभेला काँग्रेसचा उमेदवार १,४५७ मतांनी निवडून आला. एका मित्राने हे यंत्राच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून मला ऐकवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्याने हेच उदाहरण घोटाळ्याचा पुरावा म्हणून ऐकवलं. जो पुरावा दोन्हीकडून वाजतो, त्याला पुरावा म्हणायचं की डफडं?

ही खोड यंत्राबरोबर आलेली नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालं तेव्हा दक्षिण दिल्लीतून हरलेल्या जनसंघाच्या बलराज मधोकांनी आरोप केला, की मतपत्रिकांवर रसायन लावलं होतं. मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि आधीच मारलेला अदृश्य शिक्का वर येतो. आज हसू येतं. पण तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि काही मतपत्रिका तपासायची मुभा मिळाली. आरोप टिकला नाही. २००९ मध्ये पराभवानंतर कागद परत आणा म्हणणाऱ्यांत लालकृष्ण आडवाणी होते. आज तेच विरोधी बाकावरचे म्हणतात. हरणारा ओरडणारच, त्यात नवल नाही आणि त्यात पापही नाही. मला त्या १९७१ च्या गोष्टीत दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. मधोकांचा आरोप कितीही विचित्र असला तरी तो तपासायला समोर वस्तू होती. कागद हातात घेता येत होता, उजेडात धरता येत होता. वेडगळ संशय मारायलाही काहीतरी ठोस लागतं.

म्हणून मग सरळ कागदाकडेच जाऊ या का? ज्यांनी कागदावरच्या निवडणुका बाहेरूनच पाहिल्या त्यांना तो काळ फार सोज्वळ वाटतो. मी आतून पाहिल्या आहेत. १९९५ च्या विधानसभेला मतदान अधिकारी म्हणून पहिली ड्यूटी लागली. मतपत्रिकेच्या मागे सही करता करता बोटं आखडायची. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर, शिक्का मागच्या बाजूला, शिक्क्याऐवजी अंगठा. घडी उलटी घातली की ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायची. संध्याकाळी पेटीच्या झाकणावर लाख वितळवताना हात भाजायचा. मोजणीला पन्नास-पन्नासाच्या गड्ड्या, त्या मोठ्या पिंपात टाकून कालवायच्या आणि मग रात्रभर चिन्हांप्रमाणे लावत बसायचं. प्रत्येक संशयित मतपत्रिकेवर दोन्हीकडचे एजंट तुटून पडणार. ‘बाद’ मतांचा ढीग कधी कधी जिंकणाऱ्याच्या आघाडीपेक्षा मोठा असायचा, आणि त्यात बहुतेक मतं अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांची. अर्थात शिक्षणाने हे सुटतं असंही नाही. औरंगाबाद पदवीधर मतदारसंघात आजही कागदावर पसंतीक्रम लिहून मत देतात, आणि २०२० च्या निवडणुकीत हजारो पदवीधरांची मतं बाद झाली. पदवी घेतलेल्या माणसांना ‘१’ धड लिहिता येत नाही, यावर आमच्या शिक्षक संघटनेत बरेच दिवस विनोद चालले होते.

यंत्राने हे एका झटक्यात संपवलं, ते मान्य करायला लाजायचं कशाला? बाद मत जवळजवळ उरलं नाही. यंत्र मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं घेत नाही, त्यामुळे केंद्रावर चढाई करणाऱ्याला पूर्वीसारखी गड्डीच्या गड्डी शिक्के मारून पेटीत कोंबता येत नाही. तेवढ्यात पोलिसांची गाडी येते. त्यात केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ दाबलं की कारभार बंद. दांडगाई मात्र संपली नाही. २६ एप्रिल २०२४ ला बिलोली तालुक्यातल्या रामपुरीत एकाने कुऱ्हाडीने यंत्र फोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात परळी मतदारसंघातल्या घाटनांदूरला मतदान केंद्रात तोडफोड झाली. पण कुऱ्हाड चालवणाऱ्याला कागदाची पेटी काय जड होती? तिच्यात तर नुसती शाईची बाटली ओतली तरी भागायचं.

आता कागदवाल्यांचा सगळ्यात जड मुद्दा. आमचे यंत्रवाले तो टाळतात, म्हणून पूर्ण ताकदीने मांडतो. ३ मार्च २००९ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. त्या यंत्रांत घोटाळा झाला असं न्यायालयाने म्हटलंच नाही. म्हटलं ते एवढंच, की मतदान आणि मोजणीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळून बघता आल्या पाहिजेत. निवडणूक नुसती बरोबर असून भागत नाही, ती बरोबर आहे हे गावातल्या कोतवालालाही दिसावं लागतं. आमच्याकडे यावर उत्तर काय मिळतं? ‘बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये यंत्रं बनतात, इंटरनेटला जोडलेली नसतात, तज्ज्ञांची समिती आहे.’ सगळं खरं आहे. पण हे उत्तर ‘विश्वास ठेवा’ इथेच संपतं. तहसीलदार विश्वासू आहे म्हणून आपण सातबारा बघायचा सोडतो का?

ऊस पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट दोन वाक्यांत कळते. कारखान्याच्या काट्याबद्दल त्याची तक्रार पिढ्यान् पिढ्यांची आहे. हाताचा तराजू होता तेव्हा दांडी मारायचे, इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा काटामारीचे आरोप झाले. मग शेतकऱ्यांनी काय मागितलं? तराजू परत आणा असं कुणी म्हणालं नाही. पन्नास टनांचा ऊस तराजूत तोलणार कोण? काटा बंद करा असंही नाही. मागणी होती ती बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी कारखान्याने नाकारू नये, आणि भरारी पथकाने अचानक येऊन भरलेली गाडी पुन्हा तोलावी. म्हणजे दुसरं वजन. पहिल्याशी संबंध नसलेलं, आणि कारखानदाराने ठरवलेल्या नव्हे, आपण बोट दाखवू त्या गाडीचं. यंत्राचं तसंच आहे. बटण हा पहिला काटा, चिठ्ठी हा दुसरा. दुसऱ्या काट्यावर गाडी चढवायचीच नसेल तर तो दारात उभा करून काय उपयोग?

सध्या किती चढवतो ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ ला ठरवल्याप्रमाणे एका विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. पूर्वी एकाच केंद्राच्या मोजत. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला लाखाच्या थोडी वर मतदान केंद्रं होती, म्हणजे मतदारसंघाला सरासरी साडेतीनशे. निवडणूक आयोगाने नंतर जाहीर केलं, की २८८ मतदारसंघांतल्या १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि कुठेही फरक निघाला नाही. मला त्यावर अविश्वास नाही. पण साडेतीनशे पोत्यांत सात पोती खड्यांची असतील आणि तुम्ही पाचच पोती फोडणार असाल, तर खडे सापडणार किती वेळा? गणिताच्या शिक्षकाला हे विचारू नका असं म्हणतात, तरी सांगतो: दहापैकी नऊ वेळा तुम्हाला पाचही पोती स्वच्छ मिळतील. आणि सात यंत्रांत प्रत्येकी दोनशे मतं इकडची तिकडे गेली तर आघाडीत २,८०० चा फरक पडतो. नांदेडचा फरक १,४५७ होता, औरंगाबाद पूर्वचा २,१६१. तिथे असं काही झालं, असा माझा अजिबात आरोप नाही. माझं म्हणणं एवढंच, की झालं असतं तर पाच केंद्रांच्या मोजणीने ते बहुधा कळलं नसतं. मग ‘फरक निघाला नाही’ या वाक्याचं वजन किती धरायचं?

उलट जिथे पन्नास हजारांची आघाडी आहे तिथे हीच पाच केंद्रं पुष्कळ आहेत. तेवढी आघाडी चोरायला सव्वाशे यंत्रं बिघडवावी लागतील, आणि मग पाचांत एक तरी सापडण्याची शक्यता दहापैकी जवळजवळ नऊ. म्हणजे किती चिठ्ठ्या मोजायच्या हे आघाडीवर ठरायला हवं. आघाडी मोठी तर पाच पुरे. चुरस असेल तर शंभर-सव्वाशे. आपण मात्र देशभर एकच माप लावून बसलो आहोत. सर्वोच्च न्यायालयासमोर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासाचा दाखला दिला गेला होता, की सगळ्या देशात मिळून ४७९ यंत्रं तपासली तरी खात्री होते. देश हा एकच मतदारसंघ असता तर तो हिशेब बिनतोड होता. पण कुणी देशात हरत नाही. तो गेवराईत हरतो, घनसावंगीत हरतो, आणि त्याला आपल्या गावचा हिशेब हवा असतो.

‘सगळ्याच चिठ्ठ्या मोजा’ ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपंकर दत्ता यांचा तो निकाल. चिठ्ठ्या हाताने मोजताना माणसांच्या चुका होतात, वेळ जातो, हा त्यातला युक्तिवाद मला पटतो. मी रात्रभर गड्ड्या लावलेला माणूस आहे. पण चुरशीच्या जागी एकशे वीस केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला लागतो किती वेळ? एका यंत्राला साधारण तास धरा, चौदा टेबलं धरा, नऊ तास होतात. एक दिवस. ज्या राज्यात सगळे निकाल एकदम लागावेत म्हणून एकोणीस दिवस थांबता आलं, तिथे बरोबर लागावेत म्हणून एक दिवस थांबता येत नाही?

त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागण्याचा हक्क दिला, ही चांगली गोष्ट. २०२४ मध्ये त्याचा दर यंत्रामागे ४७,२०० रुपये होता. गडबड सापडली तर पैसे परत. कारखानदार उमेदवाराला ही रक्कम चहापाण्याची. पण वर्गणी काढून उभ्या राहिलेल्याला? मतदाराची अवस्था तर याहून नाजूक. चिठ्ठीवर भलतंच चिन्ह दिसलं असं कुणी म्हणालं, तर नियम ४९ एमए प्रमाणे त्याच्याकडून आधी लेखी घोषणापत्र घ्यायचं, मग सगळ्यांसमोर चाचणी मत द्यायला लावायचं. ते बरोबर निघालं तर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा, आणि त्याला कैदेचीही तरतूद. केंद्राध्यक्ष म्हणून हे मी एका म्हातारीला वाचून दाखवलं होतं. तिने चष्मा पुसला, "मलाच नीट दिसलं नसंल लेकरा," म्हणाली आणि निघून गेली. तिला खरंच नीट दिसलं नसेल. पण त्या दिवसाच्या अहवालात ‘तक्रार: निरंक’ असं मी लिहिलं, आणि राज्यभरच्या अशा ‘निरंक’ची बेरीज करून यंत्रं निर्दोष आहेत असं सांगतात.

मग नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायतींना तर एवढंही नाही. नगरपरिषदेला एका मतदाराला नगराध्यक्ष आणि प्रभागातले दोन सदस्य अशी साधारण तीन मतं द्यावी लागतात. अशा बहुसदस्यीय पद्धतीत व्हीव्हीपॅट वापरता येत नाही, असं राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं आहे. अडचण खरी असेल. पण जिथे वीस-पंचवीस मतांनी निकाल फिरतो तिथेच दुसरा काटा नाही, आणि जिथे लाखाची आघाडी मिळते तिथे आहे, हा उलटा न्याय नाही का? यंत्र तयार होईपर्यंत या निवडणुका कागदावर घेतल्या तर आकाश कोसळणार नाही. बाजार समित्या आणि साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांचं मतदान आजही कागदावरच होतं, त्यात एकेकाला पंधरा-वीस शिक्के मारायचे असतात, आणि तिथे मुरलेले पुढारी हूं की चूं करत नाहीत.

कागद आणण्याची एक अफलातून युक्ती आमच्याकडे २०२४ च्या उन्हाळ्यात निघाली होती. नव्या यंत्राला जास्तीत जास्त चोवीस मतदान युनिटं जोडता येतात, प्रत्येकावर सोळा नावं, म्हणजे ‘नोटा’ धरून ३८४. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगाव ठराव झाले, की प्रत्येक गावाने उमेदवार द्यायचे. ३८४ च्या वर गेलं की यंत्र बाद आणि कागद आला. कल्पना बिनबुडाची नव्हती. १९९६ मध्ये नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, तमिळनाडूतल्या मोडाकुरिचीत १,०३३. तिथे मतपत्रिका पुस्तकासारखी काढावी लागली. पण नांदेडला खेटून असलेल्या निजामाबादला २०१९ मध्ये हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी हाच डाव टाकला. १८५ उमेदवार झाले, आणि आयोगाने प्रत्येक केंद्रावर बारा युनिटं मांडून निवडणूक यंत्रावरच घेतली. आमच्याकडे तर तेवढे अर्जही शेवटपर्यंत राहिले नाहीत. कागद आला असता तरी एवढ्या नावांत आपलं चिन्ह शोधताना म्हातारी माणसं अर्ध्यातून परत आली असती. सुरक्षेसाठी सोयीचा गळा आवळायचा, हाही मार्ग नाही.

सोयीची गोष्ट निघाली की मात्र मला आमच्या भागातल्या कुणाच्याच बोलण्यात न येणारी माणसं आठवतात. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीत भांडी, शेळी, कोंबड्या, लेकरं घालून कोयता निघतो तो कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला, नगरपरिषदा २ डिसेंबरला. दोन्ही ऐन तोडीच्या तोंडावर. ही माणसं मत देत नाहीत असं नाही. पुढारी गाड्या पाठवून आणतात, म्हणजे ज्याची गाडी त्याचं मत. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये यावर उपाय म्हणून दूरस्थ मतदान यंत्राचा आराखडा मांडला. एकाच यंत्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान, माणूस असेल तिथून. बहुतेक विरोधी पक्षांनी नको म्हटलं आणि ते मागे पडलं. मला वाईट वाटलं, कारण हेतू चांगला होता. पण कऱ्हाडच्या एका खोलीत चाललेल्या केजच्या मतदानाला केजचा एजंट बसणार कोण? अपक्षाला एवढे एजंट मिळणार कुठून?

मग तरुण मंडळी म्हणतात, एवढं कशाला, मोबाईलवर घ्या. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान होतं, २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त मतं तशी पडली. बिहारमध्येही जून २०२५ मध्ये काही नगरपालिकांत मोबाईल ॲपवरून मतदान झालं. पैसे मोबाईलवर जातात तर मत का नाही, हा त्यांचा प्रश्न. पैसे चुकीच्या खात्यात गेले तर मला कळतं, कारण व्यवहारावर माझं नाव असतं. मतावर नाव नसतं, आणि तोच त्याचा जीव आहे. पण तंत्राचा वाद बाजूला ठेवा आणि फडातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्री पाचटाच्या कोप्या. टोळीत चांगले फोन चार. मुकादम येतो, म्हणतो, "आणा रे सगळ्यांचे, मी लावून देतो." कुणाची छाती आहे नाही म्हणायची? लाखाची उचल अंगावर आहे. एस्टोनियात दबावाखाली दिलेलं मत नंतर बदलता येतं म्हणे. इथे फोनच परत मिळत नाही, तर बदलणार कशावर? १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सरकारी मतपत्रिका आणि आडोशाची खोली आली. त्याआधी इंग्लंडात जमीनदारासमोर तोंडाने मत सांगावं लागायचं. तिथे गुप्त मतदान यायला १८७२ उजाडलं. ती पुठ्ठ्याची आडोशाची पाटी, जिच्यामागे आपण पाच सेकंद उभे राहतो, ती कोयत्याला वर्षभरात मिळणारी एकमेव जागा आहे जिथे मुकादम मागे येऊ शकत नाही. सोयीच्या नावाखाली ती पाटी काढणार?

८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांच्या घरी पथक जाऊन मत घेतं, ते ठीकच आहे. तिथेही एजंट जाऊ शकतो, चित्रीकरण होतं. ऊसतोडीला तसली जादू नको. तारीख बदला. हंगामाच्या आधी किंवा मुकादमाचा हिशेब झाल्यावर निवडणूक घेता येते. नाहीतर कारखान्याला दोन दिवस गाळप बंद ठेवायला लावा, आणि गावी नेणाऱ्या एसट्या सरकारने सोडाव्यात, पुढाऱ्याने नव्हे. यात नवं तंत्र काही नाही, म्हणून बहुधा कुणाला सुचत नाही.

जाता जाता यंत्राचा एक तोटा, ज्यावर यंत्रविरोधकही बोलत नाहीत. कागदाच्या गड्ड्या पिंपात कालवायचो त्याला कारण होतं: कोणत्या गावाने कुणाला मत दिलं हे कळू नये. यंत्राने केंद्रनिहाय आकडा उघडा पाडला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमदाराच्या वाड्यावर यादी असते, आणि मग पाणंद रस्त्यापासून रोहित्रापर्यंत सगळं त्या यादीवरून ठरतं. आयोगाने २००८ मध्येच ‘टोटलायझर’ सुचवला होता, म्हणजे अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं साधन. विधी आयोगानेही २०१५ मध्ये पाठिंबा दिला. केंद्र सरकार तयार झालं नाही. मी मागतो ती चिठ्ठ्यांची पडताळणीही केंद्रनिहायच होणार, हे मला दिसतं. म्हणून माझं म्हणणं या बाबतीत पूर्ण स्वच्छ आहे असा दावा नाही. मतदारयाद्यांतली दुबार नावं हा तर वेगळाच चिखल. त्यात कागद आणि यंत्र दोन्ही सारखेच रुततात.

आता ग्रामपंचायती येतील. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक झाली होती, त्यांची पाच वर्षं भरली. त्यात कुठे ना कुठे समसमान मतं पडणार हे ठरलेलं. मग काय करतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तहसीलच्या आवारात दोन चिठ्ठ्या लिहायच्या, सगळ्यांना दाखवायच्या, घडी घालून काचेच्या बरणीत टाकायच्या आणि गर्दीतल्या एखाद्या लेकराला पुढे बोलवायचं. ते बरणीत हात घालतं, एक चिठ्ठी काढतं. यात ना लोकमत, ना गुणवत्ता, निव्वळ नशीब. मी असं दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा हरलेल्याने गुलाल पुसला, बरणीतली दुसरी चिठ्ठी उघडून आपलंच नाव आहे ना एवढं बघितलं, आणि घरी गेला.